भरल्या टाकीवर बंद पडणारा ट्रॅक्टर

बेचाळिसाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज बदलला. आधी दोन-तीन हेलकावे, मग एक लांब गुरगुर, आणि बंद. मागचं मळणी यंत्र आपल्याच जोरावर थोडं फिरलं आणि तेही थांबलं. हवेत उडालेलं सोयाबीनचं भुसकट हळूहळू खाली बसलं. मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून बेचाळीस मिनिटं.

"बघा साहेब," ट्रॅक्टरचा मालक व्यंकट सीटवरूनच म्हणाला. "चार दिस झाले, हेच चालू हाय."

ज्यांच्या सोयाबीनची मळणी चालली होती ते किशनमामा ढिगाशेजारी उभे होते. ते म्हणाले, "सलीमभाईनं पंप बसवला का अलार्म? टायमावर वाजायलाय."

मेकॅनिक सलीमभाई इंजिनाजवळच होते. हातातला पाना त्यांनी फडक्यानं पुसला. तो आधीच पुसलेला होता.

मी अहमदपूरच्या एका ट्रॅक्टर शोरूममध्ये फील्ड सर्व्हिसचं काम करतो. गिऱ्हाइकाच्या शेतावर जायचं, दोष शोधायचा, वॉरंटीत बसत असेल तर क्लेम फॉर्म भरायचा. हे शेत चाकूर तालुक्यातलं. ट्रॅक्टर दोन वर्षांचा, म्हणजे वॉरंटीतला. अडचण एकच होती. उन्हाळ्यात ट्रॅक्टर काळा धूर टाकत होता, तेव्हा व्यंकटनं तो शोरूमला न आणता चाकूरच्या सलीमभाईंना दाखवला. त्यांनी नोझल पंप उतरवून नांदेडला नेला, टेस्ट बेंचवर लावून घेतला आणि परत बसवला. नोझल पंप म्हणजे डिझेल मोजून, दाबानं इंजिनात सोडणारा भाग. त्याला कंपनीचं शिशाचं सील असतं. ते तुटलं की वॉरंटी संपते.

सकाळी निघताना मॅनेजरांनी हेच सांगितलं होतं. "सील तुटलेलं आहे ना? मग पुढं काय बघायचं? फोटो काढ, फॉर्म भर, दुपारच्या आत परत ये."

पोचल्यावर मी सीलचा फोटो काढला. फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो. त्यात पेनानं लिहिलं, 'आउटसाइड टॅम्परिंग'. म्हणजे बाहेरच्या माणसानं केलेली छेडछाड. सही तेवढी राहिली होती. सही करण्याआधी एकदा दोष डोळ्यांनी बघावा, म्हणून ट्रॅक्टर चालू करायला सांगितलं होतं.

सलीमभाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण फॉर्म कशाचा आहे ते माहीत होतं. तीस वर्षं त्या भागातले पंप त्यांच्याच हातून गेलेले. वडीलही हेच काम करायचे. आता गावात चार दिवस एकच बोलणं होतं, की सलीमभाईचा हात बिघडला. शोरूमच्या माणसानं ते कागदावर लिहून दिलं असतं, तर त्या बोलण्यावर शिक्का बसला असता.

"साहेब," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंप खोलला, ते मी कबूल करतो. पण पंप बरोबर हाय. उन्हाळ्यापासून चालूनच राहिला की."

हे खरं होतं. पंप बसवल्यापासून मळणीच्या पहिल्या दिवसापर्यंत ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नव्हता. पण मधल्या काळात जड कामही झालं नव्हतं. पंप आतून घासलेला असेल, तर तो जड कामातच उघडा पडतो. म्हणून ही गोष्ट त्यांच्या बाजूनंही धरता येत नव्हती आणि विरुद्धही.

इंजिन बंद पडल्यावर व्यंकटनं जे केलं ते मी त्या वेळी पाहिलं आणि सोडून दिलं. तो उतरला, बॉनेटवरचं डिझेल टाकीचं टोपण काढलं, बांधावरची एक तुराटी मोडून आत बुडवली आणि बाहेर काढून बघितली. डिझेल गळ्यापर्यंत होतं. त्यानं टोपण लावलं. आमच्या भागात हे सगळेच करतात. डॅशबोर्डवर काटा असतो, पण त्याच्यावर कुणाचा विश्वास नसतो. तुरीची काडी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं असतं.

मग सलीमभाईंनी एअर काढली. डिझेलच्या पाइपात हवेचा बुडबुडा अडकला की पंपाला डिझेल मिळत नाही. तेव्हा फिल्टरवरचा एक लहान बोल्ट ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. फेस आला, डिझेल आलं, बोल्ट कसला. स्टार्टर मारला तर इंजिन पहिल्या फेरीत चालू.

"एअर घ्यायलाय कुठून तरी," सलीमभाई म्हणाले. "चार दिवस हेच करून राहिलो. एअर काढली की चालतंय."

हे पटण्यासारखं होतं. मी टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक जोड तपासला. दोन वॉशर दबलेले वाटले, ते बदलले. सगळे बोल्ट पुन्हा कसले. नऊ वाजून दहा मिनिटांनी मळणी सुरू झाली. पाऊण तास गेला, तास गेला. किशनमामांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी खिशातला फॉर्म चाचपला. वॉशरचा दोष निघाला तर रकान्यात काय लिहायचं, याचा विचार करत होतो.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी ट्रॅक्टर बंद पडला. या वेळी एक तास पंचवीस मिनिटं चालला होता.

तुराटी, एअर, स्टार्टर. चालू झाला. पण व्यंकटनं तो लगेच बंद केला. डिझेल थोडं खाली गेलं होतं आणि कॅन जवळच होता. पूर्ण गाव मळायचं असल्यामुळं टाकी भरलेलीच ठेवायची, असं त्यानं ठरवलेलं. त्यानं टाकी गळ्यापर्यंत भरली. सव्वाअकराला मळणी सुरू झाली. अकरा पंचावन्नला बंद. चाळीस मिनिटं.

आता मला त्या आकड्यांचं कुतूहल वाटायला लागलं. खराब पंप इंजिन तापेल तसा जास्त त्रास देतो. वेळ कमी कमी होत जायला हवा. इथं बेचाळीस मिनिटांचे पंचाऐंशी झाले आणि परत चाळिसावर आले. हवा घेणारा जोडही असा वागत नाही. तो हट्टी असतो, पण त्याला वेळ कळत नाही.

मी व्यंकटला विचारलं, "गेल्या चार दिवसांत असंच होतं का? कधी लवकर, कधी उशिरा?"

"हाव. सकाळच्याला लवकर पडतोय. संध्याकाळच्याला जास्त टिकतोय. एक दिस तर दुपारनंतर पडलाच न्हाई."

"त्या दिवशी काय वेगळं होतं?"

"काही न्हाई. डिझेल आणायला माणूस नव्हता. अर्ध्या टाकीवरच काम केलं."

मी वहीत लिहिलं, 'भरली टाकी, लवकर बंद. अर्धी टाकी, उशिरा.' लिहिलं खरं, पण अर्थ लागला नाही. डिझेल कमी झाल्यावर बंद पडणारी इंजिनं मी शेकड्यानं बघितली होती. भरल्या टाकीवर बंद पडणारं हे पहिलंच.

"तुम्ही काही केलं का याला?" मी विचारलं. "मळणीच्या आधी? नवीन फिल्टर, पाइप, वायरिंग, काहीही."

"काहीच न्हाई केलं," व्यंकट म्हणाला. "उन्हाळ्यात सलीमभाईनं जे केलं तेवढंच."

सलीमभाईंनी पुन्हा पाना पुसला.

पहिल्यांदा पंपाचा निकाल लावायचा, असं मी ठरवलं. त्याची एक साधी रीत आहे. टाकीचा पाइप सोडवून टाकायचा. पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या बाजूला उंच बांधायचा, त्यातून थेट पाइप लावायचा आणि इंजिन चालवायचं. बंद पडलं तर दोष पंपाकडं. नाही पडलं तर दोष टाकीकडं. साडेबाराला कॅनवर मळणी सुरू केली. कॅन रिकामा होत आला की सलीमभाई वरून भरत होते. तेवढा वेळ त्यांनी पंपाला पाठ दाखवली नाही.

मध्येच मॅनेजरांचा फोन आला.

"अजून तिथंच?"

"कॅनवर चालवून बघतोय, साहेब."

"सील तुटलंय का नाही?"

"तुटलंय."

"मग कॅन कशाला? तू काय त्यांचा पाहुणा आहेस?"

दोन वाजेपर्यंत इंजिन एकदाही अडखळलं नाही. भार तोच, पंप तोच, ऊन जास्त. मी इंजिन थांबवलं आणि म्हणालो, "पंप चांगला आहे."

सलीमभाईंनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि परत बांधला. बोलले किशनमामा. "मग काय आता सगळी रास कॅनवर मळायची? ह्याच्या हातात कॅन, तुमच्या हातात घड्याळ?"

त्यांचा मुद्दा बरोबर होता. शिवाय तेवढ्यानं सलीमभाईंचं नाव सुटत नव्हतं. बंद पडणारा ट्रॅक्टर शेतात उभा असेपर्यंत कुणीही पंपाकडंच बोट दाखवलं असतं, आणि मॅनेजर नुसत्या कॅनच्या चाचणीवर फॉर्म मंजूर करणार नव्हते.

टाकी उतरवली. आत कचरा असेल, भरल्या टाकीत तो हलत असेल, असा माझा अंदाज. टाकी आतून लखलखीत निघाली. तळाची जाळी स्वच्छ, पाइप मोकळा, एका बाजूनं फुंकलं की दुसऱ्या बाजूनं हवा. सगळं परत बसवलं, गळ्यापर्यंत डिझेल भरलं, टोपण लावलं. साडेतीनला सुरुवात. चार वाजून दहा मिनिटांनी बंद.

व्यंकट उतरला, सवयीनं बांधावरची तुराटी उचलली आणि टोपणाकडं हात नेला.

"थांब," मी म्हणालो. "हात लावू नको."

एक गोष्ट दिवसभरात प्रत्येक वेळी झाली होती. एअर काढण्याआधी टाकीचं टोपण उघडलं जात होतं. आम्ही चालू होण्याचं श्रेय एअरला देत होतो, कारण ती आम्ही काढत होतो. तुराटी बुडवणं हे काम आहे, असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"सलीमभाई, टोपण न काढता एअर काढा."

त्यांनी बोल्ट ढिला केला आणि हातपंप दाबला. डिझेल आलं नाही. फेसही आला नाही. वीस-पंचवीस वेळा दाबला. वर साठ लिटर डिझेल उभं होतं आणि खाली त्यातला एक थेंब येत नव्हता.

"ऐला," सलीमभाई म्हणाले. "कुणी धरून ठेवलंय ह्याला?"

मी बॉनेटवर चढलो. टोपणाभोवती भुसकट साचलेलं होतं. टोपण अगदी थोडं फिरवलं. सुस्स असा बारीक आवाज झाला आणि टाकीचा पत्रा टण्णकन वाजला.

"ते उन्हानं गॅस धरतंय," व्यंकट खालून म्हणाला. "रोज येतोय तो आवाज."

गॅस धरला असता, तर हवा बाहेर आली असती आणि भुसकट उडालं असतं. ते आत ओढलं जात होतं. एक टरफल टोपणाच्या कडेला चिकटून उभं राहिलं. मी व्यंकटला वर बोलावून ते दाखवलं. खाली सलीमभाईंच्या हाताखालच्या बोल्टमधून डिझेल वाहायला लागलं होतं.

आकड्यांचा अर्थ तिथं लागला. टाकीतून डिझेल खाली जातं, तेव्हा तेवढीच हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी टोपणाला बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकीत उरलेल्या हवेलाच पसरावं लागतं. ती विरळ होते, आणि एका मर्यादेनंतर डिझेलला मागं ओढून धरते. अर्ध्या टाकीत भरपूर हवा असते, ती बराच वेळ पुरते. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत जेमतेम तांब्या-दोन तांब्यांची जागा असते. ती चाळीस मिनिटांत संपते. चार दिवस आम्ही सगळे म्हणत होतो, की हवा आत येते आहे. खरा दोष असा होता, की हवा येत नव्हती.

टोपण उलटंसुलटं करून बघितलं. वरच्या बाजूला भोक दिसेना. रंगाचा जाड, गुळगुळीत थर होता. लाल. बॉनेटही लाल, म्हणून दिवसभर ते डोळ्यांत भरलं नव्हतं. या मॉडेलचं टोपण काळं येतं. मी रोज असले ट्रॅक्टर बघतो, आणि ही गोष्ट मला सकाळी आठला दिसायला हवी होती.

"हे लाल कुणी केलं?"

व्यंकटनं मागं वळून बघितलं. त्याचे वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, चहाची किटली घेऊन नुकतेच बांधावर पोचले होते.

"मी केलं," आप्पा म्हणाले. "का?"

"कधी?"

"पोळ्याला."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरची शेवटची बैलजोडी गेली होती. गेल्या पोळ्याला दावणीला कुणी नव्हतं, तेव्हा आप्पांनी ट्रॅक्टर धुतला, झूल टाकली, घुंगरमाळा बांधल्या आणि गावच्या मिरवणुकीत नेला. यंदा त्यांना शिंगंही रंगवायची होती.

"शिंगं म्हणजे सगळ्यात उंच काय असतंय ते," आप्पांनी समजावून सांगितलं. "ह्याचं धुरांडं उंच हाय. पण त्याला रंग राहत न्हाई, जळतोय. मग त्याच्या खालोखाल हे टोपण. चांगला ऑइल पेंट आणला. दोन हात मारले."

मी व्यंकटकडं बघितलं. "मी विचारलं होतं, काही केलं का म्हणून."

"ते काय करणं हाय का साहेब? ते सणाचं झालं."

मी आप्पांना सांगितलं, की त्या रंगानं ट्रॅक्टर बंद पडतो आहे. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"रंगानं बंद पडायचं असतं तर आमचे बैल दर पोळ्याला पडले असते."

"बैलाला शिंगानं श्वास घ्यावा लागत नाही, आप्पा. ट्रॅक्टरची टाकी इथून घेते." मी त्यांना बुजलेल्या भोकाची जागा दाखवली.

त्यांनी टोपण हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे शिंग समजून मी नाक रंगवलं म्हणा."

किशनमामांना हसू आवरेना. "चार दिस सलीमभाईला शिव्या बसायल्यात, आन् नाक दाबून बसलेत आप्पा!"

"तूच दिल्यास शिव्या," आप्पा म्हणाले. "मी तर सकाळ-संध्याकाळ चहा पाजायलोय त्याला."

सलीमभाईंना हसायचा पूर्ण हक्क होता. त्यांनी तो वापरला नाही. आप्पांच्या हातून टोपण घेतलं, पिशवीतून बारीक तार काढली आणि भोक मोकळं केलं. बाकीचा रंग तसाच ठेवला. मी खरवडा म्हणालो, तर म्हणाले, "राहू द्या साहेब. चांगला बसलाय रंग."

टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. पाच वाजता मळणी सुरू झाली. पाच चाळीसला सगळ्यांनी एकदम आपापल्या घड्याळांत, मोबाइलमध्ये बघितलं. पाच पन्नास झाले. सहा वाजले. सव्वासहाला किशनमामांची रास संपली आणि व्यंकटनं इंजिन स्वतःच्या हातानं बंद केलं. चार दिवसांत ते पहिल्यांदा किल्लीनं बंद झालं होतं.

मी बॉनेटवर फॉर्म ठेवला. रकान्यातलं सकाळचं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं, शेजारी छोटी सही केली आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'टाकीच्या टोपणाचं हवेचं भोक रंगानं बुजलेलं. पंप तपासला, दोष नाही.' सलीमभाई शेजारी उभे होते. अक्षरं कळत नसली तरी रेघ त्यांना कळली.

"काय खोडलं, साहेब?"

"सकाळी चुकीचं लिहिलं होतं."

"कुणाचं नाव होतं?"

"नाव नव्हतं."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. मग फॉर्मकडं बोट करून, "मोठ्यानं वाचा एकदा. मामाला ऐकू जाईल असं."

मी मराठीत करून वाचलं. किशनमामा पोती शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, "ऐकलं, ऐकलं. आमच्या मोटारीचा पंप पण बघायचाय, सलीमभाई. सवड कधी हाय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "क्लेम काहीच नाही? मग दिवसभर काय केलं?" मी म्हणालो, भोक मोकळं केलं. त्यांनी कागद फाइलला लावला. सील तुटल्यामुळं पंपाची वॉरंटी गेली ती गेलीच. त्याबद्दल व्यंकटनंही वाद घातला नाही.

आमच्या जॉब कार्डावर एक छापील प्रश्न आहे, 'यापूर्वी कोणते काम केले?' गिऱ्हाईक त्याचं खरं उत्तर देतं. व्यंकटनंही खरंच दिलं होतं. आता तो विचारून झाला की मी तोंडी आणखी एक विचारतो. पोळ्याला, दसऱ्याला ट्रॅक्टर सजवला का, आणि कुठं कुठं सजवला? उत्तर बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं. पण लोक खुलून सांगतात, आणि मी तेवढ्यात टोपणाचा रंग बघून घेतो.